करपा

आमच्या घरी हा शब्द दोन जागी लागतो.
आई ओरडते, करपला गो भात,
तेव्हा गॅस बंद करायचा असतो.
काका सांगतात, करपला गो भात,
तेव्हा बंद करण्यासारखं
हाताशी काही नसतं.

मी महाप्याला, एमआयडीसीतल्या प्रयोगशाळेत
करपा वाढवते. पगारी.
ओटच्या पेजेवर, सव्वीस अंशांत,
थाळीभर राखाडी, मऊ,
मांजराच्या पोटासारखा.

दर बुधवारी वाशीच्या मार्केटातून पांढरे कांदे.
आतला पापुद्रा अलगद सोलायचा,
काचपट्टीवर पसरायचा,
वर बुरशीचे बीजाणू सोडायचे.
परतीच्या बसमध्ये शेजारची बाई
माझे हात हुंगून सरकून बसते.

बीजाणू रुजतो. त्याला घुमट येतो, इवलासा.
घुमट काळा होतो,
आणि काळा झाला की दाब धरतो
गाडीच्या टायरच्या चाळीसपट.
मग खालून एक सुई निघते
आणि पान भोसकलं जातं.
रोग म्हणजे एवढंच.
नंतरचं सगळं जेवण.

काळं व्हायला एक विकर लागतं.
(शाळेत विकर पाठ केलं, पेपरात लिहिलं,
नोकरीत बघते तर सगळे एन्झाइमच म्हणतात.)
त्याचं काम काय, तर आलेल्या रेणूतून
एक पाणी काढायचं.
थेंबसुद्धा नाही. एकच कण.
पिळायचं, सोडायचं, पुढचा घ्यायचा,
जन्मभर.

त्याच्या कुशीत एक खळगा आहे.
त्या खळग्याच्या मापाचं
आम्ही एक द्रव्य केलं, नंबर एकशेसतरा.
ते जाऊन बसतं आणि उठत नाही,
लग्नघरी पहिल्या पंगतीला बसून
पत्रावळ उचलू न देणाऱ्या पाहुण्यासारखं.
मागे सगळे ताटकळत उभे.

मग घुमट काळा होत नाही.
पानावर नुसता बसून राहतो,
फुगतो, झिरपतो,
आरपार दिसतो बिचारा.
पेटकर मॅडम म्हणतात, आपण मारत नाही हेमलता,
आपण फक्त आडवे बसतो.

आठ आठवडे मी शंभरात किती काळे ते मोजलं.
शून्य. शून्य. शून्य.
वहीत शून्य काढून काढून
माझं शून्य फार वळणदार झालं.

नवव्या आठवड्यात, गुरुवारी,
पारसिकच्या डोंगरावर दिवे लागताना
भिंगाखाली एक ठिपका.
भिंग पुसलं. चष्मा पुसला.
ठिपका तिथेच,
आणि त्याच्या डाव्या अंगाला दुसरा.

मी लगेच लिहिलं नाही.
खाली जाऊन चहा प्यायले,
टपरीवाल्याला सुटे दिले,
वर आले. तिसराही होता.

अहवाल बारा दिवसांनी.
एकशेबहात्तर मण्यांच्या माळेत
पंचाहत्तरावा मणी बदललेला.
व्हॅलिन होतं, तिथे मेथिओनिन.
तेवढ्याने खळगा जरासा आवळला,
पाहुण्याला पाटच उरला नाही
आणि पंगत पुढे सरकली.

मॅडम कागदाकडे खूप वेळ बघत राहिल्या.
हुशार आहे हो, म्हणाल्या,
शेजाऱ्यांच्या मुलाला म्हणावं तसं.
मला वाईट वाटायला हवं होतं.
वाटलंही, पण त्याआधी
दुसरंच काहीतरी वाटून गेलं,
ते वहीत कुठल्या रकान्यात लिहू?

रात्री दहिसर-मोरीहून काकांचा फोन.
काय गो, तुजा औशद कवा येल?
मी म्हटलं, एक मणी बदलला काका.
कसला मनी?
राहू दे. खाचरात पाणी किती आहे?
घोट्याएवढं, म्हणाले,
आणि मग बराच वेळ
वाल कधी पेरायचा त्यावरच बोलत राहिले.

एकशेअठराचं काम सुरू झालंय.
बुधवारी कांदे.
या खेपेला दीड किलो.